ताण तोडायचा न्हाई

त्या आठवड्यात ऊन असं पडलं व्हतं की नेकार नदीच्या काठावरची बदकं पाय भाजत्यात म्हणून एकमेकांच्या पाठीवर उभी ऱ्हायची. मी डोळ्यानं बघितलंय. माझी लेक ऊर्मिला म्हणती, आईनं सांगितलेल्या आकड्याला दोननं भागायचं, आन् जनावर असलं तर गोष्टच सोडून द्यायची. द्या सोडून बदकं. पण पुढचं सांगते त्यातलं काय सोडू नका.

गाव जर्मनीत, नेकारसुल्मच्या वरच्या अंगाला, द्राक्षाच्या टेकडीला चिकटून. जावई निहार खाली गाडीच्या कारखान्यात इंजिनियर. पुण्याचा, पेठेतला. झाड म्हणलं की त्याला गॅलरीतली तुळस आठवायची. ऊर्मिला गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात झाडांवर पीएचडी करत व्हती. नात ईप्सिता आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, तोंडातनं मात्र जर्मन यायचं. आन् मी सांगोल्याची, चाळीस वर्षं डाळिंब केलेली बाई, तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडं आलेली.

केंद्राच्या मागं एक लांबलचक पॉलिहाउस व्हतं. त्यात कुंड्यांमधी द्राक्षाचे येल, दोन रांगा. डाव्या रांगेत चोवीस कुंड्या, निळ्या पट्टीच्या, त्यांना रोज ठिबकनं पाणी. उजव्या रांगेत चोवीस, लाल पट्टीच्या, त्यांचं पाणी तोडलेलं. चौदा दिवस तोडायचं आन् चौदाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी बाराला, एकेकाचं पान काढून मोजायचं की झाड आतनं किती तहानलंय.

लाल रांगेला तितली माणसं 'श्ट्रेस' म्हणायची. ऊर्मिलानं सांगितलं तवा मला हसू फुटलं.

"अगं, हा तर ताण! आपण डाळिंबाला देतो तो."

"तोच आई. फक्त आम्ही मोजतो."

"आम्ही पण मोजायचो. तुझा बाप चिलमीवर मोजायचा."

आमच्याकडं बहार धरायचा म्हणलं की महिना-सव्वा महिना बागेचं पाणी तोडत्यात. पान पिवळं पडतं, गळतं. झाडाला वाटतं, आपलं आता संपलं. मंग सगळा जीव गोळा करून ते फुलावर येतं. त्याआधी येळ बघून पाणी सोडायचं, त्याला म्हणायचं ताण तोडणं. मधीच कुणी तोडला की वरीस गेलं. एकदा शेजारच्यानं चुकून आमच्या बागेत पाणी सोडलं, तर माझा सासरा आठ दिवस झाडाशी बोलला न्हाई. झाडाशी. शेजाऱ्याशी बोलत व्हता.

ऊर्मिलाचं तसंच झालं व्हतं, दोनदा. पहिल्या उन्हाळ्यात येलांना बुरशी लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात लाइट गेली, आली, आन् पाण्याचा कॉक आपोआप उघडला. हा तिसरा उन्हाळा. सप्टेंबरात तिचं काँट्रॅक्ट संपत व्हतं. चौथा उन्हाळा न्हवता. तिच्या प्राध्यापक बाई, फ्राउ क्लाइनर्ट, त्यांनी कागदावर लिहून घेतलेलं: चोवीसातली वीस झाडं तरी शेवटपर्यंत ताणावर टिकली पायजेत. न्हाईतर तीन वर्षांचं काम पीएचडीच्या पुस्तकात बसत न्हाई.

सोमवारी मी डबा घेऊन गेले तर दाराबाहेर मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. बाउश नावाचा माणूस व्हता, साठीचा, दाराएवढा रुंद. पंप, कॉक, नळ्या सगळं त्याच्या हातात. त्यानं माझ्या गळ्यात पाव्हण्याचा बिल्ला घातला आन् बोट करून दाखवलं: हितं बसायचं, आत न्हाई.

"काय म्हणतोय?"

"तू आत पडलीस तर इन्शुरन्स नाही," ऊर्मिला म्हणली. "बस गं आई. उगाच त्याला त्रास नको."

चाळीस वर्षं बागेत गेली, आन् मला झाडाच्या बाहेर बसवलं. बसले. तितनं बघत ऱ्हायले.

ऊर्मिला एकेक कुंडी पोटाशी धरून उचलायची, काट्यावर ठेवायची, वजन लिहायची, परत उचलायची. कालच्यापेक्षा आज जेवढं वजन कमी, तेवढं पाणी झाडानं हवेत सोडलं. कुंडी बारा-तेरा किलोची. अशा अठ्ठेचाळीस. आत थर्मामीटर एक्केचाळीस दाखवत व्हतं. तिच्या पाठीवर घामाचा नकाशा झालेला, कडंनं मीठ पांढरं. दुपारी बघितलं तर नकाशा वाळला व्हता. नवा घाम येत न्हवता.

"पाणी पी."

"नंतर."

"सकाळपासनं तू एक घोट घेतला न्हाईस. मी बघतीय."

तिनं मागं-पुढं बघितलं आन् हळू आवाजात म्हणली, "आई, टॉयलेट त्या मोठ्या बिल्डिंगमध्ये आहे. जायला-यायला वीस मिनिटं. त्यात चावी फ्राउ क्लाइनर्टच्या सेक्रेटरीकडे. परवा तिने सगळ्यांसमोर विचारलं, 'शोन वीडर?' म्हणजे परत आलीस? सगळे हसले. मग मी पाणीच कमी केलं."

मी तिचा हात धरला आन् मनगटाच्या मागं चिमटा काढला. कातडं वर आलं आन् तसंच उभं ऱ्हायलं, पापडाच्या लाटीवानी. हळूहळू बसलं.

"हे बघ. लाल रांगेत उभी करतील तुला."

"आई, गुरुवारपर्यंत. फक्त गुरुवारपर्यंत."

मंगळवारी संध्याकाळी घरात भाकऱ्या थापत व्हते. ईप्सिता ओट्याजवळ. मी तिला म्हणलं, "पानाला तोंडं असत्यात, ठावं हाय का? खालच्या अंगाला. द्राक्षाच्या एका पानाला एक लाख!"

"श्टिम्ट नीष्ट, आजी!" म्हंजे खोटं.

सोफ्यावर आडवी पडलेली ऊर्मिला डोळे न उघडता म्हणली, "या वेळी आजीचा आकडा कमी आहे. दहा लाखाच्या वर असतात."

मला असं कुणी आयुष्यात म्हणलं न्हवतं. मी लगेच पुढं सरकले. "बघ! आन् त्या तोंडानं झाड हवा खातं. हवा, ऊन आन् मुळातनं आलेलं पाणी, तिन्हीचा सैपाक करतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन जातं. मंग तहानलेलं झाड काय करतं? दुपारी सगळी तोंडं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण पोटाला काय न्हाई. जगायचं म्हणून उपाशी बसतं."

"उंट डान?" पोरीनं इचारलं. मंग पुढं?

"मंग लई दिवस तसं ऱ्हायलं की आतल्या नळीत पाण्याची दोरी तुटती. मुळापासनं शेंड्यापर्यंत पाण्याची एक दोरी असती, ऊन ती वरनं ओढतं. तुटली की मधी हवेचा बुडबुडा. त्याचा टुक् असा आवाज येतो. आमच्या बागेत एवढा यायचा की रातभर झोप न्हाई."

"तो आवाज माणसाला ऐकू येत नाही," ऊर्मिला म्हणली.

"तुला येत न्हाई. आन् तुझी आई पण तेच करती, ईप्सिता. तोंड मिटून बसलीय. माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रगात दाट होतं, काळीज धावत सुटतं, किडनी म्हणती मी आता एक थेंब सोडणार न्हाई..."

"आई, पुरे!" ऊर्मिला उठून बसली. तिचे ओठ पांढरे, भेगाळलेले. "मला माहीत नाही का? हेच शिकवते मी पोरांना. तू माझ्या मुलीला घाबरवू नकोस."

ईप्सितानं तांब्या भरून आईपुढं धरला. ऊर्मिला दोन घोट प्याली, तांब्या खाली ठेवला. निहार दारात बूट काढत उभा व्हता, तो म्हणला, "चिल, ऊर्मी. टेन्शन घेऊ नकोस." पुण्याच्या माणसाला सगळ्यावर तेवढंच औषध ठावं.

बुधवारी, साडेअकराला, ती पडली.

मी खुर्चीवरनं बघत व्हते. एकोणिसावी कुंडी काट्यावर ठेवली, सरळ झाली, आन् डावा हात असा हवेत फिरवला, जशी काय तितं भिंत हाय. भिंत न्हवती. गुडघ्यात मोडली आन् खाली बसली, मंग कुशीवर. मी बिल्ल्यासकट आत पळाले. इन्शुरन्स गेला खड्ड्यात. अंग असं तापलेलं जसा काय तवा, पण कोरडं ठक्क. काखेत सुदिक घाम न्हाई. नाडी बघितली तर चिमणीच्या काळजावानी फडफड.

"बाउश! ए बाउश!" मी बोंब ठोकली. तो आला, बघितलं, फोन लावला. आम्ही दोघांनी तिला उचलून दाराबाहेर सावलीत आणलं. मी माझा पदर निळ्या रांगेच्या नळीखाली भिजवून तिच्या मानेला, काखेला लावला. लाल रांगेच्या नळीला हात लावला न्हाई, एवढं भान व्हतं.

ॲम्ब्युलन्स आली. दोन पोरं उतरली, दंडाला सुई लावली, बाटली टांगली. मी चढायला लागले तवा ऊर्मिलानं माझं मनगट धरलं. डोळे अर्धे उघडे.

"आई. तू इथे थांब."

"येडी का काय तू? मी येणार."

"निहार येतोय दवाखान्यात. तू इथे थांब. उद्या बारापर्यंत. ताण तोडू देऊ नकोस कुणाला."

"ऊर्मे..."

"आई. प्लीज."

दार लागलं. गाडी गेली. मी तितंच. माझ्या पोटची पोर एकीकडं, तिची झाडं एकीकडं, आन् मी मधी एक प्लॅस्टिकची खुर्ची. कुठल्या आईनं काय केलं असतं ते ज्याचं त्यानं सांगावं. मी खुर्ची उचलली, दाराच्या आत ठेवली आन् बसले. बाउशनं बघितलं. मंग आपल्या पंपाकडं वळला.

लाल रांगेची पानं खाली लोंबत व्हती, छत्री मिटल्यावानी. कडा वाळायला लागलेल्या. बघवत न्हवतं. बाउश चालत चालत यायचा, एखादं पान बोटावर घेऊन बघायचा, मान हलवायचा. माणूस वाईट न्हवता. आयुष्यभर झाडांना पाणी पाजलेला, त्याच्या हाताला ते सहन होत न्हवतं. मी त्याला म्हणलं, "नाइन वासर." पाणी न्हाई. मला जर्मन एवढंच येतं, नाइन, वासर, आन् डांके.

"जा, जा, ओमा," तो म्हणला, आन् गेला. तितं जा म्हंजे हो, ओमा म्हंजे आजी.

दोनच्या सुमाराला तो पॉलिहाउसच्या पार दुसऱ्या टोकाला उभा ऱ्हाऊन फोनवर बोलत व्हता. मला एवढंच ऐकू आलं: "हेर निहार... श्ट्रेस... जा... गेनाऊ... आल्झो गूट." हेर म्हंजे साहेब; मला वाटलं, जावई पोरीची खबर देतोय. मला बरं वाटलं. मी पदरानं तोंड पुसलं.

बाउशनं फोन खिशात घातला, कमरेची चावी काढली, कॉकवर लावली, फिरवली, चावी परत कमरेला, आन् मागच्या दारानं निघून गेला.

मला आधी कळलंच न्हाई. मंग आवाज आला. फुस्स... फुस्स... ठिबकच्या नळीतनं हवा निघती तो. चाळीस वर्षं ऐकलाय. नळी भरायला लागली की आधी हवा निघती, मंग पाणी.

लाल रांगेची नळी.

मी पळाले. माझं वय सहासष्ट, गुडघे ऐंशीचे. मी एका दारात, कॉक दुसऱ्या टोकाला, मधी चोवीस कुंड्या. पायात केंद्रानं दिलेले रबरी बूट, तीन नंबर मोठे. एक बूट वाटंत पडला, पडू दिला. पळता पळता बघत व्हते, अजून कोरडं, अजून कोरडं... कॉकापाशी पोचले तर पहिल्या चार कुंड्यांची माती काळी झालेली. कॉकाला मूठच न्हाई, चावीशिवाय हलत न्हाई. पाचव्या कुंडीत बुडबुड चाललेली. मी तिची ठिबकची काडी उपटून टाकली. कपभर पाणी तवर आत गेलंच. मंग पाचवी आन् सहावीच्या मधी नळी धरली, दोन हातानं मुडपली, आमच्याकडं नळीचं शेवटचं टोक मुडपत्यात तशी, आन् ती मुडपलेली घडी कुल्ल्याखाली घालून वर बसले.

नळी फुगली. पाणी खालनं ढकलतंय, मला कळतंय. मी बूड दाबून धरलं. पुढं फुस्स थांबलं.

पाऊण तास बसले. घरी सांगताना मी तीन तास सांगते, पण पाऊण तासच व्हता. आत बेचाळीस डिग्री. डोक्यावरचं प्लॅस्टिक पांढरंफेक, डोळ्यापुढं काजवे. पहिले घाम धो धो आला, साडी मांड्यांना चिकटली. मंग हाता-पायाला मुंग्या आल्या. मंग जीभ टाळूला लागली ती सुटंना. तवा मला लाल रांग कळली. बाहेरनं चाळीस वर्षं बघितली व्हती. हात-पाय अंग चोरत्यात, बोलणं नको वाटतं, डोळे झाकून घ्यावे वाटत्यात. अंग एकेक दार लावून घेतं, आतल्या काळजापुरता दिवा ठेवतं. चार हातांवर चार कुंड्या पाणी पीत व्हत्या, ठिप् ठिप् ठिप्, आन् मला ते पाणी ओंजळीत घ्यायला उठता येत न्हवतं.

बाउश आला. मला बघून थबकला. मंग सुरू झाला. आवाज चढलेला, हात हवेत. मला त्यातलं 'ओमा' आन् 'हेर निहार' कळलं.

"नाइन वासर," मी म्हणलं.

त्यानं फोन काढून दाखवला, छातीवर बोट ठेवलं, म्हंजे मला सांगितलंय. मंग माझं तोंड बघून त्याचा आवाज उतरला. पळत गेला, बाटली घेऊन आला. गार. बाटलीवर दव आलेलं. माझ्या तोंडापुढं धरली.

मी तोंड फिरवलं. कॉकाकडं बोट केलं.

"ओमा, ट्रिंकन! बिटे!"

"आधी ते बंद कर, मंग पिते." मराठीत म्हणलं. त्याला शब्द कळले न्हाईत, बोट कळलं. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. माझ्या डोळ्यापुढं तो एकाचे दोन व्हायला लागला व्हता. म्हणलं, दोन बाउश झाले तरी चावी एकच हाय.

त्यानं कमरेची चावी काढली आन् कॉक बंद केला.

मी बाटली घेतली. घटाघटा प्याले, अर्धं पाणी पोलक्यावर गेलं.

संध्याकाळी निहार मला घ्यायला आला. गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. स्टिअरिंगवर हात मारून तो म्हणला, "मूर्ख माणूस! आई, ऊर्मीला आज काही सांगू नका. डॉक्टर म्हणाले, किडनीवर ताण आलाय. दोन लिटर सलाइन गेलं तेव्हा कुठे लघवी झाली, ती पण चहासारखी. उद्या सकाळपर्यंत तिला काही कळता कामा नये."

दवाखान्यात तिनं मला बघितल्या बघितल्या इचारलं, "ताण?"

"हाय तसाच," मी म्हणलं. "तू पाणी पी."

आयुष्यात मी एवढ्या बाता मारल्या, एक पण अशी घशात अडकली न्हाई.

गुरुवारी साडेदहाला तिला सोडलं. हातात आजारपणाची चिठ्ठी, तीन दिवस कामाला हात लावायचा न्हाई. घरी न जाता ती सरळ केंद्रात आली. निहारनं एका हातानं तिला धरलेलं, दुसऱ्या हातात तीन बाटल्या पाणी. बाउशनं तिच्यासाठी खुर्ची आत ठेवली व्हती. त्या दिवशी वजनं झालीच न्हवती. मोजायचं यंत्र मात्र त्यानं मांडून ठेवलेलं: लोखंडी भांडं, बाजूला गॅसची टाकी, दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ.

ऊर्मिलानं रांगेवर नजर टाकली. लोंबलेली पानं, लोंबलेली पानं, आन् पार टोकाला चार येल ताठ उभे. हिरवे. पोलिसावानी.

तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"आई?"

मी बोलायच्या आत तिनं मान वळवली. "हेर बाउश. वारुम?" का?

बाउश लाल झाला. त्यानं निहारकडं बोट केलं आन् एक वाक्य बोलला. ऊर्मिलानं ते ऐकलं, मंग हळूच नवऱ्याकडं बघितलं.

"निहार. काल त्याने फोन करून तुला काय विचारलं?"

"मला? तो म्हणाला, उद्याचं काय, श्ट्रेस वगैरे... तुझी बाटली चालू होती, नर्स बोलत होती, मला वाटलं काळजीने विचारतोय. मी म्हटलं, 'काइन श्ट्रेस, हेर बाउश, काइन श्ट्रेस.' म्हणजे टेन्शन नको घेऊ..."

बोलता बोलता तो थांबला. वर लाल पट्टीची पाटी लटकत व्हती. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: श्ट्रेस.

बाउश परत म्हणला, "काइन श्ट्रेस," आन् हात पसरले. ताण नको म्हणला, तोडला.

निहार खाली बसला, कुंडीच्या कडेवर. ऊर्मिलानं त्याला उठ म्हणून खुणावलं, कारण ती कुंडी लाल रांगेतली व्हती. त्या येळी सुदिक तिला कुंडीची काळजी.

मंग ती मोजायला लागली, बोटांवर. "चार भिजल्या. चोवीसातून चार... वीस. वीस राहतात." तिनं श्वास सोडला. "वीस चालतात. निहार, वीस चालतात! आई, तू अडवलंस ना? बाउश सांगतोय, तू नळीवर बसलीस. आई गं..."

तिनं माझा हात धरला. निहारनं कपाळाचा घाम पुसला. बाउशला पण कळलं, तो हसला. साडेअकरा झाले व्हते. बारा वाजायला अर्धा तास.

पाचव्या कुंडीची माती वरनं वाळून गेली व्हती. येल बाकीच्यांसारखाच, थोडा कमी लोंबलेला, पण ते मलाच दिसलं. कुणी मला इचारलं न्हवतं. मी गप बसले असते तर तिला वीस मिळत व्हते. पुस्तक मिळत व्हतं. पोर माझी आदल्या दिवशी मरता मरता वाचलेली. मी घसा खाकरला.

"पाच," मी म्हणलं.

"काय पाच?"

"पाच कुंड्यांत पाणी गेलंय. पाचवीची काडी मी उपटली, पण कपभर आत गेलं."

ऊर्मिला हसली. "आई, आत्ता नको गं गंमत. तुझं नेहमीचंच, चारचे पाच."

"गंमत न्हाई."

"आई," निहार हळूच म्हणला, "माती कोरडी आहे. चारच म्हणा ना."

"चार असते तर चार म्हणले असते."

ऊर्मिलाचं हसू गेलं. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. तिचे डोळे मला म्हणत व्हते, चार म्हण. मी बघत ऱ्हायले, पण म्हणलं न्हाई.

बाराला मोजणं सुरू झालं. बाउश एकेक पान ब्लेडनं कापायचा, भांड्यात घालायचा, देठ झाकणाच्या भोकातनं बाहेर काढायचा. मंग गॅस सोडायचा. गॅस पान दाबतो. झाडानं जेवढ्या जोरानं पाणी आत ओढून धरलंय, तेवढा जोर लावला की देठाच्या तोंडावर पाण्याचा थेंब येतो. ऊर्मिला खुर्चीवरनं भिंगातनं बघायची आन् थेंब आला की हात वर करायची. सोळा. साडेसोळा. पंधरा. सतरा. एकेक येल आपली तहान सांगत व्हता.

पाचवीचं पान शेवटी घातलं. काटा चढला. सहा. सात. आठ. नऊला थेंब आला, गोल, चकचकीत.

बाउशनं शिट्टी वाजवली. ऊर्मिलानं भिंग खाली ठेवलं. कपभर पाण्यानं झाडानं दोरी सैल सोडली व्हती.

"एकोणीस," ती म्हणली.

बारा-चाळीसला तिनं फ्राउ क्लाइनर्टना फोन लावला. स्पीकरवर. निहार शेजारी उभा ऱ्हाऊन माझ्या कानात सांगत व्हता. तिनं सगळं सांगितलं: पडले, बाटली लावली, नवऱ्यानं काय म्हणलं, पाणी कसं सुटलं. बाई मधी एकदाच म्हणल्या, "काइन श्ट्रेस?" निहारनं बुटाकडं बघितलं.

"एकोणीस कागदावर बसत नाहीत, असं म्हणतायत," निहार पुटपुटला. "विचारतायत, पाचव्याला पाणी गेलं हे कशावरून? पानाचा आकडा कधी कधी असा येतो. ऊर्मी म्हणाली, आईने सांगितलं. आता विचारतायत..." तो थांबला.

"काय इचारतायत?"

"तुमच्या आईवर तुमचा विश्वास आहे का."

ऊर्मिलानं माझ्याकडं बघितलं. आत बूट घालायचाच नेम, आन् कालचा एकच उरलेला; माझा एक पाय बुटात, एक अनवाणी. पडलेला बूट कुणी शोधलाच न्हवता. मी आयुष्यभर तिला सांगितलेलं सगळं त्या घटकेला तिच्या डोळ्यापुढनं गेलं असणार, बदकं, चिलीम, सासरा, सगळं.

"जा," ती म्हणली. म्हंजे हो.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मंग त्या बोलल्या, निहारनं ते सांगायच्या आधीच मला ऊर्मिलाच्या खांद्यावरनं कळलं. खांदे खाली आले.

"एकोणीस घ्या म्हणाल्या," निहार म्हणला. "वीसची अट होती, ती त्या स्वतः बदलून घेतात. पण पाच का गेली, ते पुस्तकात लिहायचं. नीट. जसं घडलं तसं."

ऊर्मिलानं वही उघडली. 'कारण' असा रकाना व्हता, एका ओळीचा. ती पेन धरून बसली.

"माझ्या नावावर घाल," मी म्हणलं. "लिही, भारतातनं एक म्हातारी आली आन् एका मोठ्या उंदरानं नळी..."

"आई!"

"बरं बरं."

तिनं निहारकडं बघितलं. "तू सांग. जर्मनमध्ये."

निहारनं दोनदा घसा साफ केला. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. वाक्य रकान्यात मावलं न्हाई, ते वळून पानाच्या पाठीमागं गेलं. बाउशनं एक शब्द दुरुस्त केला.

मंग ऊर्मिला उठली. बाउशनं चावी कमरेची काढून तिच्या हातात दिली. ती चालत कॉकापाशी गेली, एका हातानं नळी धरून, आन् चावी फिरवली. हवा निघाली, मंग पाणी. ठिबकच्या चोवीस काड्या एकदम ओल्या झाल्या.

लगेच काय पानं उभी ऱ्हात न्हाईत. लोकांना तसं वाटतं. आधी मूळ पितं, मंग खोड, मंग देठ. आम्ही चौघं वाट बघत बसलो. ऊर्मिलानं दुसरी बाटली संपवली, आन् थोड्या येळानं उठून म्हणली, "आई, चल माझ्याबरोबर. टॉयलेटची चावी आणायची आहे सेक्रेटरीकडून."

मी दुसरा पण बूट काढून टाकला आन् तिच्यासंगं निघाले.